क्लीनरच्या जागेवरचं स्टेअरिंग

आमच्या घरी गाडी परातीवर शिकवली जायची. हातात पितळी परात, पाठीला ज्वारीचं पोतं आणि पायाशी तीन विटा. डावी वीट क्लच, मधली ब्रेक, उजवी ॲक्सिलेटर. आबा डाव्या बाजूला उकिडवे बसायचे, कारण आयुष्यभर ते गाडीत डाव्याच बाजूला बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. पिंपळगावहून मुंबईला कांदा आणि द्राक्षं नेणाऱ्या एका ट्रकवर ते वीसेक वर्षं क्लीनर होते. इंजिनाच्या आवाजावरून काय बिघडलंय ते त्यांना ड्रायव्हरच्या आधी कळायचं. पण लहानपणी खाणीवर दगड फोडताना कपची उडून त्यांचा उजवा डोळा गेला होता. एका डोळ्याच्या माणसाला लायसन्स मिळत नाही. त्यामुळे सगळं येत असूनही ते स्टेअरिंगच्या शेजारच्या जागेवर म्हातारे झाले.

पोत्याला टेकून परात फिरवणारा मात्र मी नव्हतो. तो माझा चुलत भाऊ. काका वारल्यावर काकू माहेरी गेली, आणि सात वर्षांच्या त्याला आबांनी चांदवडजवळच्या गावाहून आमच्या नाशकातल्या दोन खोल्यांत आणलं. माझ्याहून वर्षाने लहान म्हणून घरात त्याला सगळे धाकला म्हणत आणि मला भाऊ.

धाकला आठवीत दोनदा बसला आणि मग शाळेत गेलाच नाही. मी मात्र अकरावी झालो, बारावी झालो, कॉलेजात गेलो. आमच्या घरात, आणि बहुतेक आमच्या सगळ्या भावकीत, कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अभिमानाने लिहीत नाही. त्या वेळी मला वाटायचं, यामुळे घरात काहीतरी बदलेल. प्रथम वर्षाचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी आबांना सांगितलं, पास झालो. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "म्हंजी अजून दोन वरसं?"

त्याच महिन्यात धाकल्याला लायसन्स मिळालं. आबांनी नाक्यावर सगळ्यांना चहा पाजला.

एकदा मीही म्हणालो होतो, "आबा, मलापण शिकवा की."

"तुला रं कशाला?" आबा हसले. "तू सायेब व्हनार. तुला डायवर मिळंल."

आज कळतं, त्यांनी ते मोठेपणानेच म्हटलं होतं. तेव्हा मात्र मला एवढंच दिसलं, की परातीमागची जागा माझी नाही. मी खोलीच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो आणि पलीकडून आबांचा आवाज यायचा. "वळन आलं, हारन दे. दिसत नाय तिथं आधी आवाज पाठवायचा, मंग गाडी." किंवा, "उजवीकडं वळायचंय? हात पुरता भाईर काढ. मागच्याला दिसला पायजे." धाकला तोंडाने हॉर्न वाजवायचा, उजवा हात लांब करायचा आणि दोघं हसायचे. मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहायचो.

धाकला वर्षभर द्राक्षांचा टेम्पो चालवत होता. मग पिंपळगावच्या एका ओळखीतून त्याचं आखातात जायचं जमलं. देश दुसराच होता, पण आमच्या वस्तीत परदेशाला सरसकट दुबईच म्हणत. तिथल्या एका गोदामावर ड्रायव्हरची नोकरी होती. आबा त्याला पोचवायला मुंबईपर्यंत गेले. येताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू तेच जाऊन आले होते.

पहिलं पत्र आलं ते मी वाचून दाखवलं. आबांना अक्षर येत नसे, आणि आईलाही नाही. पत्रं वाचणं आणि लिहिणं हे घरात माझं काम होतं. धाकल्याने लिहिलं होतं, की इथं आपलं लायसन्स चालत नाही. इथल्या सरकारचं वेगळं काढावं लागतं. ते निघेपर्यंत मी गोदामात पोती उचलतो. आणि आबा, इथं गाड्या उजव्या अंगाने चालतात आणि स्टेअरिंग डावीकडे असतं.

"डावीकडं?" आबा म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजी किलीनरच्या जागंवर डायवर बसतो?" त्यांनी आईकडे पाहिलं. "आगं, ऐकलं का? तिकडं माझ्या जागंवर श्टेरिंग हाय!"

ते बराच वेळ हसत होते. मी पत्राची घडी घातली. हेवा म्हणतात तो हाच असावा, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी वीस वर्षं त्यांचा मुलगा होतो आणि माझ्या कुठल्याही गोष्टीवर ते असे खुलून हसले नव्हते.

धाकल्याची पहिली परीक्षा झाली आणि तो नापास झाला. त्याने सगळं खरंखरं लिहिलं होतं. शेजारी परीक्षा घेणारा साहेब बसला होता. साहेबाने खूण केली, उजवीकडे वळ. गाडीला इंडिकेटर होता, पण इकडच्या त्याच्या टेम्पोचा इंडिकेटर कधी लागलाच नव्हता. धाकल्याने सवयीने उजवा हात पुरता लांब केला. "पण भाऊ, उजवीकडे बाहेर नव्हतंच. तिकडे साहेब होता. हात त्याच्या छातीवर बसला."

आई तोंडाला पदर लावून हसली. आबा हसले नाहीत. "माझं चुकलं," म्हणाले. "मीच शिकिवलं तसं." मीही हसलो. पण माझं हसू आईसारखं नव्हतं. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं होतं. नापास होणं म्हणजे काय असतं, ते त्याला आता कळेल, असं काहीतरी. आठवीत तो दोनदा नापास झाला होता, हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

दुसऱ्यांदा हात आवरला, पण हॉर्न आवरला नाही. प्रत्येक कोपऱ्यावर त्याने हॉर्न दिला. कसारा घाटात सवय लागलेली. साहेबाने गाडी थांबवायला लावली आणि विचारलं, की तुला इतका कोणाचा राग आला आहे? कारण तिथे हॉर्न म्हणजे शिवी. दुसऱ्यांदा नापास.

या पत्राच्या शेवटी होतं, की तिसरी परीक्षा शेवटची. त्यात राहिलो तर कंपनी परत पाठवणार. गाडीचं मी बघतो, पण तोंडी परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा आणि नियम विचारतात. हिंदीत सांगितलं तरी चालतं. पुस्तक मात्र अरबीत आणि इंग्रजीत आहे. खोलीतली माणसं केरळची, त्यांना मराठी नाही आणि मला इंग्रजी नाही. इगतपुरीचा एक जण सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर पुस्तक पाठवतो. भाऊ, एवढं मराठीत लिहून दे. तुझ्याशिवाय कोण आहे?

पुस्तक आलं. पातळसं, गुळगुळीत कागदाचं. पहिली दहा-बारा पानं नुसती चित्रं, मागे नियम. मी उभ्या उभ्या चाळलं. अवघड काहीच नव्हतं. दोन दिवसांचं काम. पुस्तकाबरोबर एक फोटोही होता. धाकला पांढऱ्या गाडीला टेकून उभा, अंगात नवीन टेरिकॉटचा शर्ट, डोळ्याला गॉगल. गाडी त्याची नव्हतीच, गोदामाच्या मालकाची होती. पण आबांनी तो फोटो सदऱ्याच्या खिशात ठेवला. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज तो बाहेर निघू लागला. मी एकदा टपरीसमोरून सायकलवर जाताना पाहिलं. आबा एका ट्रकवाल्याला फोटो दाखवत म्हणत होते, "माझा पोरगा." पुतण्या नाही म्हणाले.

मी सायकल थांबवली नाही.

पुस्तक मी माझ्या ट्रंकेत वह्यांच्या खाली ठेवलं. माझी परीक्षा जवळ आली होती, हे खोटं नव्हतं. पण पुस्तक ट्रंकेत गेलं ते परीक्षेमुळे नव्हे. आबा रोज विचारायचे, "झालं का रं?" मी म्हणायचो, "इंग्रजी अवघड आहे आबा. तिकडचं आहे." ते मान हलवायचे. इंग्रजी अवघड असणारच, त्यांना पटायचं. एक आठवडा गेला. मग दुसरा. तिसऱ्या आठवड्यात मी परीक्षेचा पेपर देऊन घरी आलो तर ट्रंक उघडी होती.

आबा अंगणात बसले होते. मांडीवर ते पुस्तक. समोर द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा, आणि त्यावर कोळशाने काढलेल्या खुणा. गोल, तिकोन, बाण. वेडेवाकडे, पण ओळखू येणारे.

"तुला येळ नाय," ते म्हणाले. रागावून नाही, अगदी साधेपणाने. "नि मला अक्षर नाय. पन चित्रं तर हायेत. रस्त्यावं जलम गेला माझा. मी सांगतो, तू नुस्तं लिव."

मी कागद घेऊन बसलो.

"ही लाल गोल चकती, मधी पांढरी पट्टी," आबा म्हणाले, "हे रेल्वेचं फाटक. लिव."

ती प्रवेश बंदची खूण होती. मी पेन धरून त्यांच्याकडे पाहिलं. मग लिहिलं: रेल्वेचं फाटक.

"दोन गाड्या शेजारी शेजारी, एक लाल, एक काळी. गाड्या लावायची जागा."

ती ओव्हरटेक करू नये ही खूण होती. मी लिहिलं: गाड्या लावायची जागा.

"ही गाडी नि मागं वाकड्या रेघा." आबा हसले. "पिलेला दिसतोय. म्हंजी पुढं दारूचं दुकान, संभाळून जावा."

"तिकडं दारू मिळत नाही आबा."

"मंग?"

रस्ता निसरडा आहे, एवढंच सांगायचं होतं मला. तीन शब्द. "तुम्ही म्हणता तसंच असेल," मी म्हणालो आणि लिहिलं: पुढे दारूचं दुकान.

उंटाच्या चित्राचा उंटाचा बाजार झाला. गोलगोल बाणांची, गाडी माघारी फिरवायची जागा. एकूण तेवीस खुणा. त्यातल्या बऱ्याच आबांनी बरोबर ओळखल्या, हेही लिहायला हवं. शाळा, पूल, घाट, थांबा. बाकीच्या चुकीच्या. मी त्या सुवाच्य अक्षरात, आकडे घालून, समोर लहान चित्र काढून उतरवल्या. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, मुलगा बापाचं किती ऐकतो. मागच्या नियमांच्या पानांबद्दल आबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेवटी आबांनी खाली अंगठा उठवला. त्याची गरज नव्हती, पण महत्त्वाच्या कागदावर तो लागतो असं त्यांना वाटे.

दुसऱ्या दिवशी मी ते पाकीट पोस्टात टाकलं. टाकताना स्वतःशी म्हणालो, मी माझ्या मनाचं एक अक्षरही घातलेलं नाही. हे खरंच होतं. खरं असूनही ते मला कोणाला सांगता आलं नसतं.

पुढचे तीन दिवस आबा फार खुशीत होते. तो पुठ्ठा त्यांनी भिंतीला लावून ठेवला होता. चौथ्या दिवशी जेवताना मात्र त्यांचा हात थांबला.

"ते पट्टीवालं," ते म्हणाले, "फाटकच असंल ना?"

आई म्हणाली, "आता गेलं की पत्र. जेवा."

"नाय, इचारतो आपलं. चुकीचं सांगितलं आन् पोर माघारी आलं तर..." मग स्वतःच मान हलवून म्हणाले, "पन हा लिवत व्हता ना. चुकलं असतं तर हा बोलला असता."

आणि ते पुढे जेवू लागले.

शिव्या दिल्या असत्या तर मी काही उत्तर दिलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. त्यांच्या मनात शंका आली होती, आणि ती मिटवायला त्यांनी मला, मी तिथे असण्याला, पुरेसं मानलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं, की माझं शिक्षण त्यांच्या लेखी कुठे नाहीच. ते होतं. भिंतीसारखं होतं. भिंतीकडे कोण बघतं?

मी जेवण टाकून पुस्तक काढलं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, एका पेपरचा अभ्यास सोडून, मी सगळं लिहिलं. खुणा तेवीस, नियम चाळीसच्या वर. डिक्शनरी तीनदाच उघडावी लागली. वर लिहिलं: आधीच्या पत्रात घाईत काही चुका झाल्या आहेत, हे पाहा. घाईत! त्यातही मी खोटंच लिहिलं. आबांना एवढंच सांगितलं, की मागचे नियम राहिले होते, ते पाठवतो. आधीच्या पत्रानंतर पाचव्या दिवशी हे पाकीट गेलं. पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागत आणि परीक्षेला अकराच उरले होते.

त्या अकरा दिवसांत माझ्या मनात काय काय आलं, ते सगळं इथे लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की तो पास व्हावा असं मला वाटत होतं आणि तो परत यावा असंही. सकाळी एक वाटायचं, संध्याकाळी दुसरं. तो परत आला असता तर आबांनी पुन्हा परात काढली असती, आणि मला वाईट वाटायचं तेही पुन्हा सुरू झालं असतं. तरी वाटायचं.

महिनाभराने पत्र आलं. जाड होतं. आबांनी मला कॉलेजला जाऊ दिलं नाही. आत एक फोटो होता, आणि धाकल्याने दोन्ही बाजूंनी छापून घेतलेली लायसन्सची नक्कल. कोपऱ्यात त्याचा चेहरा, बाजूला न कळणारी अक्षरं. आबांनी ती एका डोळ्याजवळ नेऊन पाहिली.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. "आबा, मी पास झालो. परवापासून गाडीवर आहे. तुमच्या जागेवर बसून चालवतो. तुम्ही सांगितलेल्या खुणा मी पाठ केल्या होत्या, त्यामुळेच पास झालो. अंगठा पाहून फार बरं वाटलं. तो कागद मी गाडीत ठेवलाय."

आबा उठून बाहेर गेले आणि पुन्हा आत आले. त्यांना बसवेना. आई डोळे पुसत म्हणाली, "पुढं काय लिवलंय?"

पुढे दोन ओळी होत्या, माझ्यासाठी. मी त्या मनात वाचल्या. गाळता आल्या असत्या, कुणाला कळलं नसतं. पण मी थांबलेलं आबांनी पाहिलं होतं.

"वाच ना रं."

"भाऊ," मी वाचलं, "दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं परीक्षेच्या आदल्या दिवशी आलं. दोन्हींत अक्षर तुझंच आहे."

एवढंच. त्याने रागावून काही लिहिलं नव्हतं, आभारही मानले नव्हते. पहिल्या पत्रातल्या चुका मला लिहितानाच कळत होत्या, हे त्याला कळलं होतं. आणि त्याने ते आबांपर्यंत जाऊ दिलं नव्हतं. पास होण्याचं श्रेयसुद्धा तिकडे, त्या चुकीच्या कागदाला देऊन टाकलं होतं. पांढरी गाडी, टेरिकॉटचा शर्ट, लायसन्स, या सगळ्यांचा हेवा मी केला होता. त्याच्या या मोठेपणाचा केला तेवढा कशाचाच केला नाही. ते माझ्याजवळ असायला हवं होतं. शिकलेला मी होतो.

"म्हंजी काय रं?" आबांनी विचारलं. "अक्षर तुझंच म्हंजी?"

"काही नाही आबा. अक्षर चांगलं आहे म्हणतो."

आबांचा चेहरा उजळला. "हायच मग! कालिजात जातोय पोरगा." ते म्हणाले. माझ्या कॉलेजबद्दल ते असं कधी बोलले नव्हते. "ऊठ. चल नाक्यावर."

टपरीवर दोन ड्रायव्हर, टपरीवाला आणि एक ओळखीचा क्लीनर होता. आबांनी आधी लायसन्सची नक्कल सगळ्यांना दाखवली. क्लीनर म्हणाला, "काका, डावीकडं श्टेरिंग? मग किलीनरनं बसायचं कुठं?" सगळे हसले. मग आबांनी पत्र माझ्या हातात दिलं. खुणांचं मी वाचून दाखवलं. मला वाटलं, झालं. पण आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सायकलवरून जाताना ज्या हातातला फोटो मी पाहिला होता, तोच हात.

"आन् ती अक्षराची ओळ," ते म्हणाले. "ती पन वाच. मोठ्यानं."